आधी ताटं वाढा

मी, छबुबाई धोंडीराम गव्हाणे, वय बहात्तर, मूळ राहणार तलवाडा, तालुका गेवराई, सध्या मुक्काम पाली, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांनी मृत्युपत्र लिहायचं नसतं. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. दडपण आणायला दोघे येऊन गेले, चहा पिऊन परत गेले. यापूर्वी मी केलेलं, किंवा मी केलं असं माझा मुलगा राम सांगेल ते, प्रत्येक मृत्युपत्र याने रद्द समजावं.

ज्या वृद्धाश्रमात मी राहते त्याचं नाव इथे लिहीत नाही. फाटकावर ते पुरेसं मोठं आहे आणि त्याखाली हात जोडलेल्या रामचा फोटो आहे, कारण संस्थेचा अध्यक्ष तोच. मला इथे कोणी आणून टाकलेलं नाही. मालक गेल्यावर मी रामच्या बीडच्या बंगल्यावर दोन वर्षं काढली. तिथे सकाळपासून कार्यकर्ते, आणि माझ्याशी बोलायला टीव्ही. एक दिवस मी म्हटलं, तू म्हाताऱ्यांसाठी एवढी इमारत बांधलीस, तर मी म्हातारीच आहे. पिशवी भरली आणि आले. राम लोकांना सांगतो की आई हवापालटाला गेली आहे. तेही इथे दुरुस्त व्हावं.

मागच्या हिवाळ्यात आश्रमाची तपासणी झाली. बाहेरची मंडळी चांगल्या आश्रमांना गुण देत फिरत होती. त्यांनी फरशी पाहिली, कॅमेरे पाहिले, बाग पाहिली. नव्या चादरी त्या दिवशी अंथरल्या आणि गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली तशा काढून घेतल्या. एका बाईंनी मला विचारलं, "आजी, इथे सगळं छान आहे ना?" शेजारी व्यवस्थापक परमेश्वर उभा. "ना" लावून विचारलं की उत्तर देणाऱ्याला काही कामच उरत नाही. मी काही बोलायच्या आत त्या पुढे गेल्या. माझे गुण राहिले होते, ते आता देते.

छत गळत नाही. संडासात धरायला दांडा आहे. पाणी वेळेवर येतं. हे सगळं रामने केलं, ते मी नाकारणार नाही. फरशी मात्र इतकी गुळगुळीत आहे की ती म्हाताऱ्यांसाठी नाही, फोटोसाठी घातली असावी. इथल्या कामाच्या मुलींपैकी शिवकन्या एकटी आम्हाला नावाने हाक मारायची. बाकीच्यांना आम्ही सगळ्या "आज्जी", म्हणजे एकीने हाक ऐकली तरी चालतं. आश्रम बरा की वाईट हे ओळखायचं असेल तर एवढंच बघावं, की इथे माणूस भुकेला असला तर आधी कोणाला विचारावं लागतं.

ते मला रामच्या चाळिसाव्या वाढदिवसाला कळलं.

आमच्या भागात पुढाऱ्याचा वाढदिवस वृद्धाश्रमात करायची पद्धत पडली आहे. पुढारी येतो, केक कापतो, म्हातारी माणसं त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, फोटो निघतो, मग पंगत बसते. त्या दिवशी जिलेबी होती, मसालेभात होता. आम्हाला नव्या टोप्या आणि साड्या देऊन ताटांसमोर बसवलं. राम वाटेत सत्कार घेत होता, त्याला उशीर झाला. परमेश्वरने हुकूम सोडला, "दादा येईपर्यंत ताटाला कुणी हात लावायचा न्हाई."

देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे मलाही आईने शिकवलं आहे. पण माझा लेक देव कधी झाला? झाला असता तर मला आधी कळलं असतं.

माझ्या शेजारी कडूबाई बसली होती. आमच्या खाटाही शेजारी. तिचे लेक-सुना दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, फडावर म्हातारीचं औषध सांभाळणं होत नाही म्हणून हंगामापुरतं तिला इथे ठेवतात. तिला साखरेचा आजार आहे. शिवकन्येने रोजच्या वेळेला तिला सुई दिली होती, कारण रोजच्या वेळेला जेवण असतं. सुई घेतली की जेवायलाच लागतं, हे परमेश्वरला माहीत नव्हतं असं नाही. त्याला दादाची भीती जास्त होती.

थोड्या वेळाने कडूबाईला घाम सुटला. हात थरथरायला लागले. ती माझ्या कानाला लागली, "अक्का, डोळ्यापुढं अंधारी यायली. पण गप ऱ्हा. तुझ्याच लेकाचा वाढदिवस हाय."

त्या "गप ऱ्हा"ने माझं डोकं फिरलं. उभा जन्म ऊस तोडून दुसऱ्याची साखर केलेली बाई, आणि तिने साखरेवाचून माझ्या लेकाच्या फोटोसाठी मरायचं? मी उठले. भिंतीजवळ तीन मजली केक ठेवला होता, त्यावर रामचा फोटो छापलेला. सुरी कुठे आहे ते कोण शोधणार. मी हातच घातला. रामचा एक गाल माझ्या मुठीत आला, तो कडूबाईच्या तोंडात घातला. मग दुसरा. परमेश्वर ओरडला, "आज्जी, कावून असं करायल्या!" मी म्हटलं, "आधी ताटं वाढ. नाहीतर फोटोतली टोपीही भरवीन."

ताटं वाढली गेली. कडूबाई शुद्धीवर राहिली. राम आला तेव्हा आम्ही हात धुवत होतो. कोणीतरी फोनवर काढलेलं जिल्हाभर फिरलं: आईने लेकाचा केक फोडला. राम माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "आई, लोकं हसायलेत मला. तू माझी इज्जत घालवली." कडूबाई समोर खाटेवर बसली होती. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी शिवकन्येला कामावरून काढलं, कारण म्हणे तिने सुई लवकर दिली. मी माफी मागावी असा निरोप आला. मी मागितली नाही. ती मी मेल्यावरही कोणी माझ्या नावाने मागू नये.

आता मालमत्ता.

पालीच्या रस्त्याला लागून माझी जी जमीन आहे ती मला माहेरच्या हिश्श्यात आली. तिथे पेट्रोल पंप टाकायचं रामच्या मनात आहे. त्याच्या मनातच राहू द्या. ही जमीन मी माझी नात, रामची लेक आरोही हिला देते. ती अंबाजोगाईला परिचारिकेचं शिकते. केकची बातमी पसरल्यावर मला पुष्कळ फोन आले. सगळ्यांनी रामचं काय झालं ते विचारलं. आरोहीने पहिल्याच वाक्यात विचारलं, "कडूआज्जीला आता कसं हाय?" जमीन द्यायला मला एवढं पुरे. तिथे पिकेल ती ज्वारी आणि भाजी आश्रमाच्या स्वयंपाकघरात जावी, पण जोवर जेवण वेळेवर वाढलं जातं आणि शिवकन्या परत कामावर आहे तोवरच. एकदा जरी पाहुण्यासाठी पंगत थांबली, तर आरोहीने धान्याचं पोतं फाटकातून परत न्यावं आणि ऊसतोडीला गेलेल्यांची जी म्हातारी माणसं गावात मागे राहतात, त्यांच्या दारात नेऊन टाकावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. बापाला भ्यायचं कारण नाही. तो मलाही भितो.

माझ्या पाटल्या शिवकन्येला. माझी गोधडी आणि खिडकीजवळची खाट कडूबाईला. सत्काराच्या शाली ट्रंकेत आहेत. एकीतही ऊब नाही, पुसायला वापराव्यात.

मी सरपंच होते तेव्हाची लोखंडी खुर्ची आश्रमाच्या जेवणघरात ठेवावी. पंचायतीतल्या खुर्चीवर आमचे चुलत दीर आप्पाराव बसत आणि मला म्हणत, "वहिनी, तुमी सह्या करा, बाकी आमी बघतो." म्हणून मी घरून ही खुर्ची नेली आणि त्यांच्या समोर मांडली. आता तिच्यावर ज्याचे पाय दुखतील त्याने बसावं. आलेल्या पाहुण्याने बसू नये. आप्पारावांना मी माफ केलेलं नाही. अंत्यविधीला त्यांनी अवश्य यावं, भाषण करू नये. माझ्या श्रद्धांजलीच्या फलकावर रामचा फोटो नको. मेलेली मी असेन.

तलवाड्याचं घर राम यास देते, एका अटीवर. माझा तेरावा याच आश्रमात करावा. त्या दिवशी रामने फोन फाटकावर ठेवावा, खांद्यावर उपरणं घ्यावं आणि स्वतः पंगत वाढावी. पहिलं ताट कडूबाईचं. प्रत्येकाला नाव विचारून वाढावं. सगळे जेवून उठल्यावर त्याने बसावं. त्याने हे केलं असं कडूबाईने आरोहीला सांगितलं की घर त्याचं. नाही केलं तर घर आरोहीचं, आणि राम त्याच्या बंगल्यात सुखी राहो.

राम, पुढचं कायद्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तू नवसाचा, उशिरा झालेला. मी सरपंच होते तेव्हा ग्रामसभा चालू असताना तू दारात येऊन उभा राहायचास. "आई, भूक" म्हणालास की मी उठायचे. आप्पाराव हसायचे, "बघा, बाईमाणूस सरपंच! सभा टाकून भाकरी वाढायला निघाली." सगळी सभा हसायची. इज्जत माझीही होती, रे. मी तरी उठायचे. लेकरा, तुझ्यावर माझा जीव आहे, म्हणून तुला ताट वाढायला लावते आहे. मी तुला एक दिवस भुकेला थांबवलं नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून पुरं केलं. सही करणार एवढ्यात जेवणाची घंटा झाली होती. आम्ही आधी जेवून आलो, मग सही केली.

स्थळ: पाली, जिल्हा बीड
दिनांक: १२ जानेवारी २०२६

सही: छबुबाई धोंडीराम गव्हाणे

साक्षीदार:
१. डॉ. सत्यशीला मोराळे, अंबाजोगाई. (लिहिणारी शुद्धीत आहे, हे मी तपासलं आहे.)
२. म्हाळू सखाराम खाडे, दूधवाले, पाली.

ज्याला काही मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते, असं डॉक्टरीणबाईंनी कडूबाईला समजावलं. ती म्हणाली, "मग मी साक्षीदार न्हाई. मी जेवलेली हाय, तेवढं लिहा." तेवढं लिहिलं आहे. खाली तिचा अंगठा.