मुंगीचं माप

३ जून

ती. सौ. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला वेत पोचला. हात रिकामे पडलेल्या आईबापांना तू घरबसल्या विणकाम देतेस, त्यात सख्ख्या भावाचाही नंबर लागला, हे बरं झालं. स्टुलं विणून ट्रकने पाठवली आहेत. बोटांची चाळण झाली आहे.

दुसरी बातमी, मुंगीला महिनाअखेर बालगृहात ठेवायचं ठरवलं. तिची आई गेली, मग माझं काम गेलं. पोरीला दोन वेळ जेवू घालणं मला जमत नाही. तिथे जेवण, शाळा, गादी सगळं आहे. मुंगीने विचारलं, बाबा, तू तिथे कुठे झोपणार? मी विषय बदलला. आशीर्वाद असू दे.

तुझा धाकटा

११ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

स्टुलं मिळाली. बसून पाहिलं, गुडघे कानाला लागले. तुझे मेहुणे बसले ते उठेनात. दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. उंची माणसाच्या गुडघ्याएवढी ठेव, असं मी कळवलं होतं. तू कोणता माणूस मोजलास?

बालगृहाबद्दल आत्ता लिहीत नाही. लिहिलं तर कागद फाटेल.

ताई

१६ जून

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

स्वतःचा गुडघा मोजायला वाकलं की गुडघाही वाकतो. घरात दुसरं माणूस मुंगीच. तिला भिंतीशी उभं केलं. जराही हलली नाही. वर म्हणाली, मी कामाची आहे ना बाबा?

काम काढून घेतलंस तरी तक्रार नाही. तिची पिशवी मी भरतो, ती रिकामी करते. ताई, मला तिला सोडायचं नाही गं. पण भूक लागली की ती गुपचूप पाणी पिते.

धाकटा

२२ जून

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

परत आलेली स्टुलं दारात पडली होती, ती शेजारच्या बालवाडीच्या बाईंनी पाहिली. पोरांचे पाय जमिनीला टेकतील असं स्टूल त्यांना कुठे मिळत नव्हतं. सगळी घेऊन गेल्या. यापुढेही याच मापाची हवीत, त्यांच्या ओळखीच्या बालवाड्यांनाही हवीत. आगाऊ मजुरी पाठवते आहे, आधी किराणा भर.

आता नियम ऐक. माप ही आमच्या कामाची मालमत्ता आहे, ती बालगृहात ठेवता येत नाही. मापाला दोन वेळ जेवू घालावं, शाळेत धाडावं, आणि दर खेपेला भिंतीशी उभं करून तपासावं. पिशवी तिलाच रिकामी करू दे. मला भरून आलं आहे, पण तुझे मेहुणे समोर बसलेत.

ताई

८ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

बालवाडीची तक्रार आहे. स्टुलं दर खेपेला थोडी उंच येतात. आता पोरांचे पाय लोंबकळू लागलेत. खुलासा करावा.

ताई

१३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तक्रार खरी आहे. नियमाप्रमाणे माप दोन वेळ जेवतं, शाळेत जातं. नियमाप्रमाणेच दर खेपेला भिंतीशी उभं करून तपासतो. मालमत्ता वाढते आहे. माझा इलाज नाही.

लोभही तसाच वाढता ठेव.

धाकटा