अण्णांच्या फोनची अक्षरं

पांडेसरा, मंगळवार संध्याकाळ

दुपारी सासऱ्यांच्या फोनची अक्षरं मोठी करून दिली. केलं एवढंच. सेटिंग, डिस्प्ले, फॉन्ट साइज, आणि तिथला ठिपका उजवीकडे पार टोकाला. दोन मिनिटांचं काम, पण इतके दिवस कुणाला सुचलं नाही. अण्णांना बारीक वाचता येत नाही, म्हणून घरच्या ग्रुपवर त्यांच्यासाठी आम्ही बोलून पाठवायचो. आणि त्यांच्याबद्दल काही असलं की टाइप करायचो. त्याच ग्रुपवर! वेगळा ग्रुप करायची गरजच वाटली नाही.

ठिपका टोकाला नेला तसे अण्णा खूश. "आते बरोबर दिखस," म्हणाले आणि खाटेवर बसून ग्रुपवरचं जुनं-जुनं वाचत राहिले. मी भाकरी थापत होते. तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या महिन्यात मीच लिहिलं होतं, 'भाऊजी, पोरीची दहावी आहे, खोली एकच. अण्णांना आता इच्छापोरला तुमच्याकडे न्या. माझ्याच्यानं होत नाही.' खोटं होतं का? नाही. मघाशी पुसायला गेले, तर ते फक्त माझ्या फोनवरून पुसलं जातं. सगळ्यांच्या फोनवरून काढायची मुदत कधीच गेली.

दिवेलागणीला अण्णांनी फोन माझ्यापुढे धरला. चिडले असते तर बरं झालं असतं.

"पोरी, अक्षरं परत बारीक करी दे."

करून दिली. ठिपका डावीकडे, पार टोकाला.