दोनदा सोडलेली मार्जिन

प्रिय बटण,

'प्रिय' सवयीनं लिहिलं गेलं. खोडणार होते, पण खोडलं की कागद घाण दिसतो, म्हणून राहू दिलं. त्याचा फार अर्थ काढू नकोस. मी ठणठणीत आहे, गुडघा सोडला तर. तू कशी आहेस ते विचारत नाही, कारण विचारायला फोन केला की तू उचलत नाहीस. चार महिने झाले. सतरा वेळा लावला, मग म्हटलं खड्ड्यात गेला तो फोन. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस, मुद्दा बघ. मुद्दा एकच आहे. तू मला चोर म्हणालीस. तोंडावर म्हणाली असतीस तर एक थोबाडीत देऊन विषय मिटवला असता. तू स्टँप पेपरवर म्हणालीस, खाली वेलांटीदार सही करून.

मला कसं कळलं ते ऐक. छोट्या मालकांनी वर केबिनमध्ये बोलावलं. चाळीस वर्षांत मी त्या केबिनमध्ये तीनदा गेले असेन, त्यातलं एकदा पंखा पुसायला. वकील बसला होता, पोरगेलासा, बूट चकचकीत. टेबलावर आमच्या कारखान्याचं कापडी गब्दुल अस्वल आणि समोरच्या तुमच्या कारखान्याचं ते नवीन फुगरं पाणमांजर शेजारी शेजारी बसवलेलं, जणू लग्नाचा फोटो काढायचाय. छोटे मालक म्हणाले, मावशी, समोरच्यांनी आपल्या अस्वलाचे गाल चोरलेत, आपण कोर्टात गेलोय, तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या की हे गाल तुमच्या डोक्यातून आले. मी म्हटलं, डोक्यातून कुठले, चुकीतून आले. तर ते हसले, त्यांना वाटलं म्हातारी लाजतेय. मग वकिलानं समोरच्यांचं उत्तर वाचून दाखवलं. 'प्रतिपक्षाच्या कारखान्यातील एका महिला कर्मचाऱ्याने आमच्या मूळ पाणमांजराचा नमुना चोरून त्यावरून अस्वल बनवले, हे तिने स्वतः माझ्याजवळ अनेकदा कबूल केले आहे.' मावशी, ही बाई कोण ते तुम्हाला ठाऊक आहे का, वकिलानं विचारलं. मी म्हटलं, ठाऊक आहे, रोज सकाळी तिचेच केस विंचरते. आणि खालची सही मी वाचली. ती वेलांटी तुला मीच शिकवली होती, रफ वहीत, पानं भरभरून.

कबूल केलं म्हणे! कधी गं कबूल केलं? जेवताना सांगायचे ती गोष्ट. तू सात वर्षांची होतीस, तेव्हापासून दर महिन्याला मागायचीस, मावशी, अस्वलाचे गाल कसे फुगले ते सांग. आणि मी वेडी, हातात घास धरून सांगायची, तोंडं करून, आवाज काढून. तुझी आई परगावच्या नोकरीवरून महिन्याकाठी यायची तेव्हा तिच्यापुढे परत सांगायला लावायचीस. हसून हसून तुझ्या नाकातून पाणी यायचं. तीच गोष्ट तू वकिलाला सांगितलीस. हसलीस का गं तेव्हा? त्यानं गोष्टीतलं सगळं हसू काढून टाकलं आणि मागे नुसता चोर ठेवला.

आता माझ्या तोंडून नीट ऐक, कारण तू अर्धीच सांगितलीस. त्या काळी नमुन्याचं काम मी घरी आणायचे. समोरच्यांचं पाणमांजर तेव्हा धडाक्यात चाललं होतं. जहाजाचा कप्तान, निळी टोपी, टीव्हीवर रोज संध्याकाळी, पोरांच्या दप्तरावर तेच, चादरीवर तेच, टूथब्रशवर तेच. मोठे मालक, म्हणजे ह्या छोट्यांचे वडील, खाली येऊन म्हणाले, मावशी, समोरून वाटीभर साखर आणा. हा शब्द आमच्याकडे मी येण्याआधीपासून आहे. साखर आणायची म्हणजे समोरच्यांचं खेळणं दुकानातून विकत आणायचं, टाका टाका उसवायचं, कापडाचे तुकडे इस्त्री करून ब्राऊन पेपरवर ठेवायचे आणि पेन्सिल फिरवायची. मग आपलं काहीतरी घालायचं. कान लांब, रंग वेगळा, शेपूट तिसरंच. त्यांचं पाणमांजर जहाज चालवतं ना, मग आपलं अस्वल विमान चालवेल. समोरचेही तेच करायचे. आम्ही आगगाडीतले हत्ती काढले, सहा महिन्यांत त्यांचे ट्राममधले गेंडे आले. त्यांनी चंद्रावर ससे पाठवले, आम्ही मंगळावर कासवं पाठवली. बिचारी अजून पोचली नसतील. दोन्ही कारखान्यांच्या मध्ये तीस फुटांचा रस्ता. त्यांच्या नमुनेवाल्या आणि आम्ही एकाच टपरीवर चहा प्यायचो, आणि त्या विचारायच्या, काय गं, आमच्या सशाचं पोट बरोबर बसलं का, नाहीतर खाली कापसाची गादी द्या. ह्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं. लपवत नव्हतो तर चोरी कसली?

तर ते पाणमांजर मी उसवलं, तुकडे उतरवले. गालाचे दोन तुकडे शेवटी ठेवले होते. उसवलेल्या तुकड्याला शिलाईची मार्जिन, म्हणजे टाक्यासाठी कडेनं सोडलेलं कापड, आधीच असते, हे नवशिक्या पोरीलाही कळतं, वर आणखी सोडायची नसते. मी गालांवर पेन्सिल फिरवली आणि तेवढ्यात तू अस्वलासाठी काढून ठेवलेला डोळा गिळलास. काळं बटण, चार भोकांचं. तुला कडेवर घेऊन पायात एक चप्पल अशी दवाखान्यात पळाले. दोन दिवस तू काय बाहेर टाकतेस ह्याकडे डोळे लावून बसले होते, ते तुला वकिलाला सांगावंसं वाटलं नाही वाटतं. तिसऱ्या दिवशी टेबलावर परत बसले तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. मार्जिन धरली की नाही ते आठवेना. गालांना पुन्हा अर्धं बोट सोडली. बाकीचे तुकडे बरोबर, गाल मोठे. मधल्या पट्टीला जोडताना मापच जुळेना. कापड फेकायची आपली पद्धत नाही, म्हणून जास्तीचं चुण्या घालून बसवलं, कानाकडून नाकाकडे, एकेका बाजूला सात. कापूस भरला तर गाल टम्म. मी मोठ्या मालकांना म्हटलं, बिघडलंय, परत करते. ते त्याच्याकडे बघून इतके हसले की खुर्चीवर बसले. असंच ठेवा, म्हणाले. तेच हे गब्दुल. त्याच्यावर पुढे मालिका निघाल्या, वह्या निघाल्या, छोट्या मालकांची गाडी निघाली. तुझं नाव बटण पडलं, आणि मला त्या गब्दुल अस्वलाबद्दल एक घड्याळ मिळालं, तेही मागे जातं.

तू डिझाईनचं शिकून समोर नोकरी धरलीस तेव्हा आमच्या हॉलमध्ये काय चिडवलं गेलं मला! मावशींनी मुलगी समोर दिली, आता व्याही भेटायला केव्हा जायचं? मी म्हटलं, जाऊ दे, तिथं मशिनं नवीन आहेत, पोरगी शिकेल. एक शब्द वाकडा बोलले का मी तुला? तू पहिल्या वर्षी विचारलंस, मावशी, ह्या आकाराला मधली पट्टी केवढी ठेवू, तर मी फोनवर माप सांगितलं. तेव्हा मी आमच्या मालकांची चोर होते का, की तुमची?

आणखी एक गोष्ट सांगते, वकिलाला सांगितली नाही. मला त्यांनी तुझं नवीन पाणमांजर उसवायला दिलं, पुरावा काढायला. माझ्या टेबलावर, माझ्या कात्रीनं. बाकीच्या सगळ्या कंपन्या चुण्या नाकाकडून घालतात, मशिनला सोपं पडतं. तुझ्या कानाकडून होत्या. मोजल्या. सात. पट्टीवर खूण कुठं केलीस तेही बघितलं, बरोबर त्याच जागी. आणि बटण, मला इतका आनंद झाला की मी कात्री खाली ठेवली. मग त्याचाच राग आला. बाई, हात माझा घेतलास, माप माझं घेतलंस, आणि मला चोर म्हणून मोकळी झालीस! तुझ्या कंपनीनं घाबरवलं असेल तुला. आमच्यांनी पाठवलेल्या नोटिशीत पाणमांजर काढणारी म्हणून तुझं नाव होतं, नोकरी जाईल म्हणाले असतील, एकटी आहेस, घराचं भाडं आहे. मला कळतं. कळलं म्हणून राग कमी होत नाही, उलट वाढतो. आधी माझ्याकडे यायचंस. म्हणायचंस, मावशी, गळ्याशी आलंय, काय करू? मी सांगितलं असतं, माझं नाव घे, पण खरं नाव घे. मावशीनं चूक केली असं लिही. ती चुकीचीच गोष्ट होती ना? तू तिचा गुन्हा केलास.

मग मी काय केलं ते तुला तिथं उडत उडत कळलंच असेल, पण माझ्याकडून ऐक. मी माझा जबाब दिला. छोट्या मालकांनी टाईप करून आणलेला बाजूला सारला आणि त्या पोरगेल्या वकिलाला म्हटलं, मी बोलते, तू लिही. सगळं सांगितलं. समोरचं खेळणं विकत आणलं, उसवलं, उतरवलं, मार्जिन दोनदा सोडली. मालकांच्या सांगण्यावरून. आणि म्हटलं, ह्याला चोरी म्हणायची असेल तर आमच्या नमुन्याच्या खोलीतलं मागचं कपाट उघडा, त्यात समोरच्यांची एकशे बारा खेळणी उसवून ठेवलीत, चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत. आणि मग समोर जाऊन त्यांचंही कपाट उघडा, आमचे हत्ती तिथं मिळतील. वकिलानं पेन थांबवलं. छोटे मालक म्हणाले, मावशी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात? मी म्हटलं, मी टेबलाच्या बाजूनं आहे. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, आता आराम करा. बरं, म्हटलं. डबा उचलला आणि आले. रडले-बिडले नाही, उगाच कुणाचं ऐकू नकोस.

आता गंमत बघ. माझा तो कागद समोर गेला आणि दोन्हीकडच्यांना घाम फुटला. कपाटं उघडायची वेळ आली ना! आठ दिवसांत तडजोड. तडजोड कसली, सोयरीकच. अस्वल आणि पाणमांजर आता एकत्र फिरणार, एकच मालिका, एकच जहाज, वर विमान उतरायची जागा. दोन्ही मालक एका टेबलावर बसून हसतायत, माझ्या जुन्या बायकांनी सांगितलं. चोर कुणी नाही, सगळे भागीदार. उरलो कोण? तू आणि मी. एकमेकींच्या नावानं सह्या करून बसलेल्या, आणि ज्यांच्यासाठी केल्या त्यांना त्या सह्यांची आठवणही नको झालीय.

हे पत्र लिहायचं कारण असं की काल तो वकील घरी आला होता, ह्या वेळी मिठाईचा डबा घेऊन. तुमच्या नि आमच्या कंपनीच्या करारात एक कागद कमी पडतोय. तू तुझं म्हणणं मागे घेतलंयस, तसं तुझं टाईप केलेलं पान त्यानं दाखवलं, त्यात माझं नाव नाही, फक्त 'सदर महिला' आहे. माझ्याकडून एका ओळीवर सही हवी: 'माझी कोणाहीबद्दल कसलीही तक्रार नाही.' ती सही झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, दोन्ही इमारती थांबल्यात. मी डबा परत दिला आणि सही केली नाही. तो म्हणाला, मावशी, पण तुमची तक्रार आहे तरी कोणाबद्दल? मी म्हटलं, तुला काय करायचंय, तू काय नातेवाईक आहेस? तक्रार आहे, भरपूर आहे, आणि ती तुझ्याबद्दल आहे, बटण. खोटी ओळ मी आयुष्यात लिहून दिली नाही, ह्यांच्या जहाजासाठी आता देणार नाही. तो सोमवारी दहाला परत येणार आहे. तू रविवारी ये. मी दिवसभर घरीच आहे, मला आता जायचं कुठं! समोर बस, मला जे बोलायचंय ते ऐकून घे, मध्ये तोंड उघडू नकोस, मग तुला जे म्हणायचंय ते माझ्या तोंडावर म्हण, 'सदर महिला' न म्हणता. भांडू. जेवू. त्यानंतरही तक्रार उरली तर उरली, आणि उरली नाही तर सोमवारी सही करीन. आली नाहीस तर तो कागद कोराच राहील, मग ते दोघं मालक बसू देत जहाज धरून किनाऱ्यावर.

तुझीच, आणि अजूनही भडकलेली,
मावशी