वेळेआधीची बक्षिशी

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. त्यानंतर किती वेळा फोन लावला, एकदाही उचलला नाहीस, म्हणून लिहिते आहे. जहाज बंदराला लागलंय, पाहुणे भटकायला उतरलेत आणि मी चादरींच्या खोलीत एका गठ्ठ्यावर बसकण मारली आहे. खरं सांगू? मी घाबरले आहे. तुझ्यासाठीच घाबरले आहे. पण ते एकदम कागदावर उतरत नाही, म्हणून आधी तुझ्या शेजारणीच्या प्रश्नाचं उत्तर देते.

तर, क्रूझवर केबिन आवरणाऱ्यांना टिप किती द्यायची. तिला सांग, बहुतेक जहाजांवर रोजची ठरावीक रक्कम बिलातच धरलेली असते, तेव्हा आधी बिल वाचावं. त्याउपर मनातून द्यावंसं वाटलं तर माणशी दिवसाला चहा-खाण्यापुरते पैसे पुष्कळ झाले, आणि ते शेवटच्या संध्याकाळी, हातात द्यावेत. उशीखाली ठेवू नयेत, कुणी विसरलं असेल म्हणून आम्ही ते कचेरीत जमा करून टाकतो. काही जण पहिल्याच दिवशी देतात, त्यांना जादा उशा आणि पलंगावर टॉवेल दुमडून केलेला हत्ती हवा असतो. काही जण रोज 'शेवटी बघतो तुझ्याकडे' म्हणतात आणि शेवटच्या सकाळी मला बघून लिफ्ट सोडून जिन्याने पळतात, गुडघे दुखत असले तरी. आमच्या मजल्यावरचा मुख्य, त्याला आम्ही मुकादम म्हणतो, त्याचं शास्त्र पक्कं आहे. पहिल्या दिवसाची टिप म्हणजे 'लक्ष असू दे', शेवटच्या दिवसाची म्हणजे 'आभारी आहे'. मधल्या दिवसाची टिप नसतेच, असं तो म्हणतो.

मागच्या फेरीत मला ती मिळाली. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये एक बाई एकट्याच आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, त्यामुळे मी तोंडानेही त्यांना बाईच म्हणायचे. सुरुवातीला त्या अंथरुणातून उठायच्या नाहीत, पडदा उघडू द्यायच्या नाहीत, ताट आणलं तसं परत जायचं. आणि मग एका सकाळी बघते तर काय, न्हाऊन-माखून तयार, चेहरा हसरा, केबिन लख्ख. त्यांनी माझ्या हातात एक जाड पाकीट ठेवलं, वर स्वतःचा लोकरी स्वेटरही दिला, आणि तू फार माया केलीस म्हणाल्या. पाकिटात माझ्या पगाराएवढे पैसे होते. आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं माझं. मी ते पाकीट जेवणाच्या टेबलावर मिरवलं. सगळ्यांनी माझी यथेच्छ चेष्टा केली, टॉवेलचे हत्ती आता सोन्याचे होणार म्हणून.

मुकादम तेवढा हसला नाही. केबिन कशी आहे, एवढंच त्याने विचारलं. मी कौतुकाने सांगायला लागले की बाईंनी पलंग स्वतःच आवरला, बॅग भरून तिच्यावर भाचीचं नाव-पत्ता चिकटवला, आणलेली पुस्तकं जहाजाच्या वाचनालयाला देऊन टाकली. सांगता सांगता माझाच आवाज खाली गेला. अर्धी सफर अजून बाकी होती. आणि मला आईचा शब्द आठवला, निरवानिरव. आठवतंय ना, चार दिवस बाहेर जायचं तरी आईची केवढी निरवानिरव चालायची? किल्ली शेजारी, दूध बंद, कुंड्यांना कोण पाणी घालणार ते ठरलेलं. पण आईची निरवानिरव परत यायचं असायचं म्हणून असायची. बाईंच्या निरवानिरवीत परत येणं कुठेच नव्हतं.

ताई, त्या लांबच लांब बोळातून मी कशी पळाले ते माझं मला माहीत. त्यांच्या दारावर 'त्रास देऊ नये'ची पाटी लटकत होती. त्या पाटीला आम्ही देव मानतो, ती असताना दार वाजवलं तर नोकरी जाते. मी वाजवलं. उत्तर आलं नाही, तेव्हा माझ्याकडच्या किल्लीने उघडलं. आत काय दिसेल या भीतीने मी क्षणभर डोळेच मिटून घेतले होते. बाई खुर्चीत बसल्या होत्या, बूट घालून, बाहेर जायला निघाल्यासारख्या. मी टेबलावरून उठले तेव्हाच मुकादमाने मला बजावलं होतं की आडून विचारू नकोस, सरळ विचार, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं येत नाही. तरी मी टॉवेलांचं काहीतरी बोलणार होते. पण तोंडातून निघालं ते असं की बाई, तुम्ही जिवाचं काही बरंवाईट करणार आहात का? त्या हो म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच रडल्या. मी त्यांचा हात धरून बसले. मुकादमाने डॉक्टरांना आणलं, पुढच्या बंदरावर भाची येऊन घेऊन गेली. पाकीट मी परत केलंच होतं. जाताना बाईंनी आपणहून स्वेटरही मागून घेतला, थंडी वाजेल म्हणाल्या. मला एवढा आनंद कुठल्या बक्षिशीचा झाला नाही.

आणि आज तुझा निरोप. शेजारणीचा प्रश्न, मग हसतखेळत लिहिलंयस की शिवणयंत्र तिला देऊन टाकलं, मांजर तिच्याकडेच रमलंय, आईची कानातली कुरिअरने माझ्याकडे निघालीत, आणि 'आता अगदी हलकं वाटतंय, माझी काळजी करू नकोस'. आई गेल्यापासून तू भांडलीस, रडलीस, माझ्यावर फोन आपटलेस, पण काळजी करू नकोस असं कधी म्हणाली नव्हतीस. म्हणून मी शेजारणीला फोन केला. या पानांचे फोटो तिला पाठवते आहे, ती ते तुझ्या हातात देईल आणि तुझ्याजवळच बसून राहील. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिला शपथ घातली आहे. मला रजा मिळाली आहे, याच बंदरावर उतरून मिळेल त्या गाडीने निघते. तोवर बाईंना विचारलं तेच तुला विचारते, ताई. तू जिवाचं काही बरंवाईट करणार आहेस का? असेल तर हो म्हण. माझ्याशी बोलवत नसेल तर शेजारीण समोर बसली आहे, तिला म्हण. मी रागावणार नाही. घाबरणारही नाही. म्हणजे घाबरेन, पण येते आहे.

तुझीच,
शेपूट