मालिनीची लग्नपत्रिका

४ फेब्रुवारी १९९१, सोमवार

आज रेशन ऑफिसात भांडलो. जोरात.

कार्डावर मी अजून ‘मालिनी, मुलगी, वय २१’ आहे. ऑपरेशनला वर्ष झालं, मिशी आली, श्यामकांत नाव घेतलं, सोनिवली सोडून अंबरनाथ वेस्टच्या या चाळीत आलो. इथे सगळ्यांना मी श्यामच. फक्त कार्ड ऐकत नाही. म्हणून आण्णा आणि मी डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो, तर तो बाळाजी क्लार्क अख्ख्या रांगेसमोर मोठ्याने वाचायला लागला — "मालिनी धोंडिबा यांच्यावर..." पुढचं वाचू दिलं नाही. काउंटरवरून हात घालून पत्र ओढलं. कोपरा त्याच्याच हातात राहिला.

घराजवळ आल्यावर आण्णा म्हणाले, "दोन वर्षं हॉस्पिटलला खेटे घातले त्या कागदासाठी. तू दोन सेकंदांत फाडलास." आणि हसायला लागले. मला येत नव्हतं हसू. मग आलं.

५ फेब्रुवारी

शेजारची गोदू.

(एवढं लिहून दहा मिनिटं झाली.)

तिची आई वेणूबाई नळावर सांगत होती, होळीनंतर गोदूला स्थळं बघणार. गोदू तिच्या मागे उभी राहून मला वेडावत होती. मी विचारायला हवं. पण त्याआधी तिला सांगायला हवं, आणि ते मी सांगणार — माझ्या तोंडाने, मला वाटेल तेव्हा. चाळीने नाही, ऑफिसने नाही. आणि सांगताना हातात एक तरी सरकारी कागद हवा, ‘मुलगा’ लिहिलेला. नुसती मिशी काय, नाटकातपण लावतात.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

एकटा गेलो. माफी मागायची ठरवून गेलो होतो, मागितली नाही. बाळाजीच मला बाहेर टपरीवर घेऊन गेला.

"हे बघ, नाव बदलायचा फॉर्म आहे. मुलीचा मुलगा करायचा माझ्याकडे नाही."

"मग?"

"मुलीचं लग्न लावून टाक. लग्न झालं की नाव कमी होतं, पत्रिका जोडायची फक्त. महिन्याने गावाहून मुलगा आला म्हणून नाव चढव. शंभर लोक करतात."

"मी माझंच लग्न लावू?"

"कागदावर रे. जेवण नको घालूस."

चहा चांगला होता. त्याचाच जास्त राग आला.

१० फेब्रुवारी, रविवार

आण्णांना आयडिया भलतीच आवडली. कोणाला काही सांगायला नको, कोणाला काही कळायला नको. आईने विचारलं, "जावई कोण?" आण्णांनी सखा नावाचा जावई काढला, राहणार कर्जत. "लांबचा बरा," म्हणे!

मी ओरडलो. वीस वर्षं मुलगी म्हणून काढली ती काढली, आता नवरापण करू? मालिनी कुठंय कोणी विचारलं तर जन्मभर काय सांगायचं, कर्जतला नांदते? ताटावरून उठलो. आण्णांनी तरी उल्हासनगरच्या प्रेसमध्ये पाच पत्रिका छापायला टाकल्याच.

१३ फेब्रुवारी

त्या प्रेसमध्ये चांगो कामाला आहे. सोनिवलीचा. आत्याचा दीर. हे आण्णा विसरले.

आज सुंदराआत्या दारात हजर. हातात लुगडं आणि पितळी हंडा. "मालीचं लगीन लावलंस न् सख्ख्या बहिणीला बोलावलं नाय?"

आईने आधी दार लावलं. आत्याने ऑपरेशननंतर मला पाहिलंच नव्हतं. आण्णा हळू आवाजात सगळं सांगत होते, आणि ती माझ्याकडे बघतच होती. शेवटी म्हणाली, "चाल तं लहानपणापासून अशीच होती ह्याची." लुगडं आईच्या मांडीवर ठेवलं. "हे तू नेस. ह्याला प्यांटपीस आणीन." हंडा काही परत नेला नाही. खरं लगीन होईल तेव्हा पुन्हा आणायला नको, म्हणाली.

ती गेल्यावर आण्णांनी छापून आलेल्या पत्रिका बंबात टाकल्या. "खरं तेच लिहू," म्हणाले.

१५ फेब्रुवारी

खरा अर्ज दिला. साहेबांनी दोनदा वाचला, पण मनात. "चौकशी लागेल. एका शेजाऱ्याचा जबाब."

"शेजाऱ्यांना सांगणार असाल तर अर्ज परत द्या."

"मग कार्ड कशावर देऊ?"

साहेबांनी अर्ज पुढे धरला. मी हात पुढे केला नाही. कार्ड हवंय मला.

१७ फेब्रुवारी, रविवार

जनगणनेचे मास्तर आले होते. माझ्याकडे एकदा बघितलं आणि ‘पुरुष’ लिहून मोकळे. पुरावा नाही, पत्र नाही, काही नाही! वर आईला म्हणाले, "घाबरू नका, ही माहिती गुप्त असते." मास्तरांना दोनदा चहा पाजला.

शिक्षण विचारलं तेव्हा अडलो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. हजेरीला सर ‘मालिनी’ म्हणायचे, मी ‘हजर’ म्हणायचो, वर्गात हशा फुटायचा. एकदा डस्टर फेकलं — फळ्यावर, सरांवर नाही — आणि गेलोच नाही परत. मास्तरांना म्हटलं, बारावी लिहा.

२२ फेब्रुवारी

चौकशीला कोणी आलं नाही. दिवसभर उल्हासनगरला जीन्स कापतो आणि कान चाळीत.

२६ फेब्रुवारी

गोदूने ओट्यावर गाठलं. "तुला मला काही सांगायचंय?"

"कसलं?"

"कसलंही."

"नाही."

"माठ आहेस," म्हणाली, आणि आत गेली.

१ मार्च, धुळवड

तिने माझ्या मिशीला हिरवा रंग फासला. अजून निघत नाहीये. काढतपण नाहीये.

५ मार्च, मंगळवार

कार्ड मिळालं. ‘श्यामकांत, मुलगा.’

पोच म्हणून सही करायला बाळाजीने फाइल पुढे केली. वरच शेजाऱ्याचा जबाब. ‘श्यामकांत यास मी ओळखते. पूर्वीचे नाव मालिनी असल्याचे आज समजले. तो त्या घरचा मुलगा आहे. माझी हरकत नाही.’ खाली सही, गोदावरी. तारीख १९ फेब्रुवारी.

सांगायचं माझं होतं, ते यांनी सांगितलं. भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाळाजी हळूच म्हणाला, "चौकशीला मीच गेलो होतो, तिने ऐकून घेतलं. मग सही केली. म्हणाली, चाळीत आणखी कोणाला विचारू नका. आणि मला कळलंय हे त्याला बोलू नका, त्याला स्वतः सांगायचं असेल."

गोदू आत्ता ओट्यावर तांदूळ निवडत बसलीय. जातो.