रेणापूर रस्त्यावरचं इंजिन

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. हे पत्र पोस्टात पडणार नाही, तरी लिहितेय.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं, नवे साहेब, आणि पाणी कुठंच नाही. रेणापूर रस्त्यावरच्या एका गावात विहिरीवरचा पंप डिझेल जनरेटरवर चालायचा, आणि त्या इंजिनाचा वेग सारखा खालीवर व्हायचा. तुम्ही तेच आमचं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट केलंत. "कंट्रोल हा विषय फळ्यावर कळत न्हाई," म्हणालात, आणि नांदेडहून आम्हा चौघांना एसटीनं घेऊन गेलात. चौघांत मी एकटी मुलगी. वेग मोजून डिझेल कमीजास्त करणारा कंट्रोलर आम्ही बनवला होता. तो फार सावकाश चालतोय असं वाटून मी तुम्हाला न विचारता गेन वाढवला. म्हणजे वेग जरा चुकला की डिझेलला जोराचा हिसका. पाचेक मिनिटं सगळं झकास. बाहेर घागरी घेऊन बाया उभ्या. मग विहिरीचं पाणी तळाला गेलं, पंप बंद पडला आणि इंजिनावरचा भार एकदम गेला.

तो आवाज अजून ऐकू येतो. इंजिन किंचाळतंय, दबतंय, पुन्हा किंचाळतंय, दर वेळी आधीपेक्षा वर. बल्ब पांढराफटक होऊन फुटतो. माझा हात गेनच्या बटणावर आहे आणि हलत नाही. तुम्ही मला खांद्यानं ढकलून आत शिरता, डिझेलचा दांडा ओढता. इंजिन थांबलं तेव्हा तुमच्या तळहाताची साल तापल्या नळीला चिकटून निघाली होती.

"गेन कुणी वाढवला?"

"मी, सर."

"भ्यालीस का?"

"हाव."

"भ्यायलाच पाहिजे. पर बाया उभ्या हायत बाहेर. गेन कमी कर. पाणी झिरपून वर आलं की तूच चालू कर."

तासाभरानं मी चालू केलं. तुम्ही हाताला ओलं फडकं गुंडाळून शेजारी उभे होता, म्हणून जमलं.

आता तोच विषय मी शिकवते. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मुलं वीजनिर्मितीची प्रोजेक्ट करतात, पण सगळी कॉम्प्युटरवर. पडद्यावरची रेघ वर उसळते, मुलं हसतात, आकडा बदलतात. आज अर्धापूरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, लॅबमधला जनरेटर आम्ही कवा चालवणार? सिनियर म्हणायलेत, तो चालूच होत न्हाई." बिघडलाय, पार्ट मिळत नाहीत, असं मी सांगितलं. "बरं मॅडम," म्हणून ती बसली.

सर, जनरेटर चांगला आहे. दर सहा महिन्यांनी मी एकटी जाते, तेल बघते, आणि चालू न करताच कुलूप लावून येते.