दोनशे वीसचं तेल

६ जानेवारी, सोमवार

दादा आज बोलला. पहिलंच वाक्य — "मी तेल घातलं होतं का गं?"

दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. भट्टीला वारा देणारा मोठा पंखा त्या दिवशी सकाळी सुरू केला, बेअरिंग जाम होऊन फुटलं आणि उकळतं तेल अंगावर आलं. एवढं त्याला आठवतं, त्याच्या आधीचं काही नाही. इतकी वर्षं रोज तेच केलेलं. कुठली सकाळ कुठली, कसं सांगणार तो?

कारखान्यात मात्र सगळ्यांना सगळं आठवतंय. विसरला असेल, डुलकी लागली असेल. चौकशी बसवलीय त्याच्यावर. वहिनीने तर दवाखान्याच्या जिन्यात गाठून विचारलं, "वन्सं, खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं?" बायकोच असं विचारायला लागली! मी तिच्यावर खेकसले. आता वाईट वाटतंय.

७ जानेवारी

मिशीवाला येऊन गेला. दादाचा जोडीदार. भट्टीचा दुसरा पंखाही दादाच बघायचा, त्यावर आता यालाच लावलंय. दादाला म्हणाला, "लवकर ये बाबा, तुझा पंखा मला ओळख दाखवत नाही." दादा हसायला गेला, दुखलं.

बाहेर आल्यावर मला हळूच — "ताई, होतं माणसाकडून. मी आता डोळ्यांत तेल घालून बघतो." म्हणजे यालाही तसंच वाटतं.

८ जानेवारी, बुधवार

फुटलेल्या बेअरिंगच्या तळाशी तेल होतं! मी स्वतः बाटलीत काढून कारखान्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत आणलं. घातलं होतं त्याने.

पण फार दाट. बाटली कलती केली तर येईना. मग नेहमीची पद्धत — काचेची नळी, चाळीस अंशांचं पाणी, हातात घड्याळ. एका खुणेपासून दुसरीपर्यंत उतरायला लागलेले सेकंद, गुणिले नळीचा आकडा. दाटपणा दोनशे वीस सेंटीस्टोक्स.

मॅडम, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणाल्या, "बरोबर आहे की. पंख्यावरच्या माहितीच्या पट्टीवरही दोनशे वीसच आहे."

हो, पण दोनशे वीस काय? आमच्याकडे एकक कोणी तोंडाने उच्चारतच नाही. "दोनशे वीसचं पिंप काढ" म्हटलं की झालं.

९ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत पंख्याकडे गेले. पत्र्याची ती पट्टी, तिच्यावर दर वर्षीचा रंग. तेवढा आकडा उठून दिसतो, बाकी सगळं बुजलेलं. कपाटाच्या किल्लीने खरवडत बसले. २२० च्या पुढे बारीक अक्षरं निघाली — सेबोल्ट सेकंद.

 जुनं माप आहे हे. ठरावीक तेल ठरावीक भोकातून गळायला किती सेकंद, ते. त्याचे सेंटीस्टोक्स करायचे तर साधारण ४.६ ने भागायचं. म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस! आणि आम्ही घातलं दोनशे वीस. जवळजवळ पाचपट दाट. आधीचा व्यापारी यंत्र पाहून तेल द्यायचा, यंदा कारखान्याच्या साहेबांनी नुसता आकडा देऊन मागवलं. थंडीच्या सकाळी असलं तेल बेअरिंगवर चढतच नाही. दादाने घातलेलं तळाशी बसून राहिलं, आणि लोखंडावर लोखंड घासलं.

एक भागाकार. शाळेतल्या पोरांना येतो. रागाने रडूच आलं.

१० जानेवारी, शुक्रवार

साहेबांपुढे सगळं मांडलं. त्यांनी स्वतः पुन्हा भागाकार केला. मग स्टोक्समध्ये करून बघितलं — २.२ आणि ०.४८. मग चौरस मीटर प्रति सेकंद अशा मापात, शून्यांची रांग लावून. जणू एकक बदललं की तेल पातळ होणार होतं. मग चष्मा काढला.

"सोमवारी नवं तेल येतंय. अहवालही सोमवारीच. तुमच्या भावाचं नाव मी स्वतः साफ करतो. तोवर बाहेर बोलू नका, लोक काम बंद पाडतील."

"साहेब, दुसऱ्या पंख्यातही तेच तेल आहे."

"तो चालू आहे ना? तापलेलं तेल पातळच असतं. तुम्हीच सांगा."

खरं होतं ते. चालू आहे तोवर भीती नाही. मी मान डोलावली. डोक्यात फक्त दादाचं नाव होतं.

११ जानेवारी, शनिवार

दादाच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्याने डोळे मिटले, म्हणाला, "म्हणजे घातलं होतं."

"घातलं होतंस."

वहिनी त्याच्या पायांवर डोकं टेकून रडली. माझ्याकडे बघवेना तिला. मी तिचा हात धरला. इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा आम्ही तिघं सुखाने बसलो.

तेवढ्यात मिशीवाला आला, उभ्या उभ्याच. सकाळची पाळी होती त्याची उद्या. दादा काही बोलणार होता, मी डोळ्यांनीच गप्प केलं. माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं. म्हटलं, सोमवारी सांगू, सगळ्यांसमोर.

१२ जानेवारी, रविवार

रात्री वीज गेली होती. पंखा थांबला, गार पडला. सकाळी मिशीवाल्याने तेल दोनदा तपासलं म्हणे, मगच बटण दाबलं.

दवाखान्यापर्यंतही पोचला नाही तो.

दुपारी साहेबांचा फोन. दादावरची चौकशी आजच बंद केली, म्हणाले.